एक जहाज आणि १८१८ ची रेषा

१

मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना फळ्यावर एक रेषा ओढावी लागते. रेषेच्या डावीकडे प्राचीन, उजवीकडे अर्वाचीन, आणि रेषेच्या माथ्यावर आकडा १८१८. कोणी ही रेषा १८०५ पर्यंत मागे नेतो, कारण त्या वर्षी विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले. कोणी ती १८७४ पर्यंत पुढे आणतो, कारण त्या वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. तरी पेशवाईचा अस्त हीच खूण सोयीची ठरली आहे, आणि आम्ही दोघेही वर्गात वर्षानुवर्षे तीच वापरत आलो आहोत.

मध्यंतरी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, १८१७ साली असे काय होते, की जे १८१८ साली राहिले नाही?" प्रश्न भाबडा वाटला, पण त्याचे उत्तर आम्हांला चटकन देता आले नाही. 'राज्य गेले' एवढे म्हणून भागणार नव्हते. राज्य गेल्याने भाषेचे, लेखनाचे आणि हातांच्या कामाचे नेमके काय झाले, हे तिला विचारायचे होते. त्या उत्तराच्या शोधात आम्ही १८१७ ह्या सालाभोवती जरा रेंगाळलो, आणि तेथे आम्हांला एक जहाज भेटले.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या माणसांनी जहाजावर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. आमच्याकडे कयाधू आहे, पैनगंगा आहे, पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वरची धरणे आहेत. पण समुद्र पाहायचा तर पाचशे किलोमीटरहून अधिक रस्ता तुडवावा लागतो. ज्या नामदेवांचे जन्मगाव म्हणून आमच्या नर्सीचे नाव घेतले जाते, त्यांच्या परंपरेने आमच्या बोलण्यात समुद्र आणला खरा, पण तो भवसागर म्हणून. तारू म्हणजे देवाचे नाम आणि पैलतीर म्हणजे मुक्ती. लाकडाचे, खिळ्यांचे, डांबराचे तारू कसे असते, ते कोण बांधतो आणि कोणाला विकतो, हा विचार आमच्या अभ्यासक्रमात कोठेच येत नाही. म्हणूनच तो करून पाहावा असे वाटले.

२

जहाजाचे नाव 'त्रिंकोमाली'. नाव सिंहलद्वीपातल्या बंदराचे, मालकी इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची, आणि जन्म मुंबईच्या गोदीतला. तीन डोलकाठ्यांचे हे फ्रिगेट जातीचे लढाऊ जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यावर उतरले.

त्याची कथा मात्र पाच वर्षे आधी सुरू होते. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धांनी इंग्लंडमधले ओकचे लाकूड सरत आले होते. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः मलबारात, उत्तम सागवान मिळत होते. सागाच्या अंगातले तेल लोखंडी खिळ्यांना गंजू देत नाही, उलट ओकमधल्या आम्लाने खिळे झिजतात, हे जाणत्यांना ठाऊक होते. तेव्हा ३० ऑक्टोबर १८१२ रोजी इंग्लंडच्या नौदल खात्याने हे जहाज मुंबईला बांधून घ्यायचे ठरवले. त्याचे आराखडे 'जावा' नावाच्या युद्धनौकेतून पाठवण्यात आले. पण डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' ह्या जहाजाने 'जावा'चा पाडाव केला आणि आराखडे गेले. नव्या प्रती करून धाडाव्या लागल्या.

ह्याच 'जावा'वर एक प्रवासी होता, सर टॉमस हिस्लॉप. तो हिंदुस्थानातल्या सेनापतिपदाच्या नेमणुकीवर निघाला होता, आणि जहाजाबरोबर तोही अमेरिकनांच्या हाती सापडला. पुढे तो सुटला, हिंदुस्थानात आला, आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा पराभव करणाऱ्या इंग्रज सैन्याचा सेनापती झाला. महिदपूर आमच्या पाठ्यपुस्तकात आहे, 'जावा' नाही. एकाच जहाजावरून मराठी सत्तेच्या पराभवाचा एक सेनापती आणि मुंबईत बांधायच्या एका युद्धनौकेचे कागद असे दोन्ही निघाले होते, ही गोष्ट आम्हांला बरीच उशिरा कळली.

३

मुंबईच्या गोदीचा इतिहास तोवर ऐंशी वर्षांचा झाला होता. १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी ह्या पारशी कारागिराला मुंबईस आणले. जहाजे बांधणारा तो वाडिया. धंद्याचे नाव पुढे घराण्याचे आडनाव झाले, आणि त्याच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी गोदीचे मुख्य कारागीरपद सांभाळले. १७५० मध्ये तेथे सुकी गोदी उभी राहिली. १८१० च्या सुमारास डंकन गोदी पुरी झाली. त्याच वर्षी जूनमध्ये डंकन गोदीतून 'मिंडेन' हे चौऱ्याहत्तर तोफांचे जहाज बाहेर पडले. इंग्लंडच्या आरमारासाठी एवढ्या मोठ्या श्रेणीचे जहाज ब्रिटिश बेटांबाहेर प्रथमच बांधले गेले होते, आणि ते बांधणारे होते जमशेटजी बमनजी वाडिया, लवजींचे नातू.

'त्रिंकोमाली'चे कामही जमशेटजींकडेच आले. १८१६ च्या उन्हाळ्यात बांधणीला आरंभ झाला. जहाजाचा कणा म्हणून जी लांबलचक तुळई तळाशी घालतात, तिला आपल्या किनाऱ्यावरचे कारागीर 'पठाण' म्हणतात. ह्या पठाणात जमशेटजींनी पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा कोरीव खिळा ठोकला. जहाजाला दीर्घायुष्य लाभावे, अशी त्यामागची श्रद्धा. खिळा एकदा आत गेला की त्यावर फळ्या, तुळया, तक्ते चढत जातात. वर तोफा येतात, तोफांवर डोलकाठ्या, डोलकाठ्यांवर शिडे, आणि सर्वांत वर राजाचे निशाण. बाहेरच्याला खिळा दिसत नाही. त्याची जागा बांधणाऱ्यालाच ठाऊक.

ह्या खिळ्यासारखीच आणखी एक कथा जमशेटजींच्या नावावर सांगितली जाते. १८०० साली बांधलेल्या एका जहाजाच्या आतल्या तुळईवर, सहसा कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, त्यांनी म्हणे एक ओळ कोरून ठेवली होती. गोरे अधिकारी ज्या हिणकस शब्दाने आपल्याला हाक मारतात, त्याच शब्दाच्या काळ्या माणसाने हे जहाज बांधले, अशा अर्थाची. काही वर्षांनी ते जहाज गोदीत परतले तेव्हा त्यांनी ती ओळ हसत हसत दाखवली. ही आख्यायिका आहे, आणि तिचे मोल आख्यायिकेइतकेच धरावे. पण साहित्याच्या विद्यार्थ्याला ती ओळखीची वाटेल. आपली नाममुद्रा शेवटच्या चरणात गुंफण्याची रीत संतकवींनी आपल्याला शिकवली आहे. येथे फरक इतकाच की नाममुद्रा वाचकापासून लपवून ठेवावी लागली.

४

आता ऑक्टोबर १८१७ कडे वळू. पंचांग मांडून पाहिले म्हणजे त्या महिन्याचे चित्र स्पष्ट होते. त्या वर्षीचा दसरा १९ ऑक्टोबरला आला होता. म्हणजे बाराव्या तारखेला नवरात्राचे घट नुकतेच बसले होते आणि सर्वपित्री अमावास्या उलटून एखाददुसराच दिवस झाला होता. अमावास्येच्या आगेमागे समुद्राला उधाण असते. मोठी जहाजे पाण्यावर काढायला असेच दिवस धरावे लागतात. सुक्या गोदीत बांधलेल्या जहाजाचे गणित तर सर्वस्वी भरतीवर अवलंबून. ओहोटीला दार लावून, आतले पाणी उपसून, कोरड्या तळावर महिनोन्‌महिने काम चालते. काम सरले की भरतीचे पाणी आत घेतात, आणि आजवर टेकूंवर बसलेले ते अवाढव्य धूड आपोआप उचलले जाते. 'मिंडेन' डंकन गोदीतून असेच बाहेर आले होते. 'त्रिंकोमाली'ला सुमारे तेवीस हजार पौंड खर्च आला. जहाज अडतीस तोफांच्या वर्गातले.

इकडे पुण्यात काय चालले होते? १३ जून १८१७ च्या तहाने बाजीरावाचे हात बांधले गेले होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून संगमावर बसला होता. मुंबईच्या बंदरात 'त्रिंकोमाली' तरंगू लागल्यानंतर बरोबर एका आठवड्याने पुण्यात दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले. फौजा मोठ्या संख्येने जमल्या होत्या. पेशवाईतला हा शेवटचा दसरा, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि पुढच्या वर्षी ३ जून रोजी बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. आमच्या फळ्यावरची रेषा ती हीच.

ह्या दोन घटनांत कार्यकारण शोधण्याचा मोह टाळला पाहिजे. 'त्रिंकोमाली'ने खडकीवर एकही गोळा डागला नाही. डागणे शक्यही नव्हते. ते १८१९ च्या एप्रिलअखेर इंग्लंडमध्ये पोर्ट्‌स्मथला पोचले, आणि तोवर नेपोलियनशी असलेले युद्ध संपल्याने त्याला काम उरले नव्हते. कित्येक वर्षे ते नुसते बांधून ठेवण्यात आले. प्रश्न कार्यकारणाचा नसून शेजारधर्माचा आहे. पुण्यापासून तीन-चार मुक्कामांच्या अंतरावर एक सबंध जग उभे होते. तेथे लंडनहून आराखडे येत, मलबारहून लाकूड येई, सुरतेच्या कारागिरांचे वंशज हिशेब घालीत, आणि ऐंशी वर्षे गोऱ्या आणि देशी माणसांचा कामाचा संबंध जुळलेला होता. त्या संबंधात मान होता आणि अपमानही होता. आम्ही ज्याला 'अर्वाचीन' म्हणतो, त्याची बरीचशी लक्षणे त्या गोदीत १८१८ च्या फार आधीपासून दिसत होती.

५

मग हे जहाज 'आपले' म्हणावे काय? येथे उत्साहाला जरा लगाम घातला पाहिजे.

पहिली गोष्ट, जमशेटजी मराठी नव्हते. गुजराती बोलणारे पारशी होते. लाकूड मलबारचे, रेखाटन इंग्रजांचे, पैसा इंग्रजांचा. मराठी म्हणता येईल असा तेथला किनारा, आणि गोदीत राबणाऱ्यांपैकी काहींची बोली. गोदीतल्या मुख्य कारागिरांची नावे इतिहासाने जपली. करवत ओढणाऱ्यांची आणि फळ्यांच्या सांध्यांत डांबर भरणाऱ्यांची जपली नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. मराठ्यांना स्वतःची जहाजबांधणी नव्हती असे नाही. शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडीकडे गलबते बांधायला घेतली तेव्हापासून कान्होजी आंग्र्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७२९ पर्यंत, आणि त्यानंतरही हा वारसा चालू होता. गुराब आणि गलबत ह्या शब्दांचा दरारा इंग्रजांच्या कागदपत्रांत भरपूर सापडतो. पण फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. ते जाळणाऱ्या इंग्रजांशी पेशव्यांनी आधी संगनमत केले होते. पुढे धुळपांनी पेशव्यांचे आरमार नेटाने चालवले हे खरे. तरी समुद्रावरचा तोल तेव्हाच ढळला होता. तेव्हा मुंबईच्या गोदीने मराठी आरमार हिरावले, एवढेच म्हणणे अर्धसत्य ठरेल. ते हिरावले जात असताना आपलेही हात त्या दोराला लागले होते.

तिसरी गोष्ट ह्या जहाजांनी पुढे जे केले त्याविषयीची. १८१३ साली जमशेटजींनीच बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' ह्या मोठ्या जहाजावर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. अफूच्या व्यापारासाठी लढल्या गेलेल्या युद्धात चीनला मान तुकवायला लावणारा हा तह, आणि त्यानेच हाँगकाँग इंग्रजांच्या पदरात पडले. ज्या तक्तपोशीवर हे सारे झाले ती मुंबईच्या कारागिरांनी रंधली होती. दुसऱ्या बाजूला, 'त्रिंकोमाली'ला १८४० च्या दशकाअखेर उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या समुद्रांत पाठवले गेले, तेव्हा गुलामांच्या व्यापारावर नजर ठेवणे हेही तिच्या कामांपैकी एक होते. साधन चांगले असले म्हणजे ते चांगल्याच हाती राहते, असे नाही. कारागिरीचा अभिमान जरूर बाळगावा. पण तिच्या उपयोगाचा हिशेबही त्याच वहीत मांडावा.

६

साहित्याच्या वाचकांना ह्यात रस का असावा, हे आता सांगितले पाहिजे.

१८२९ साली 'महाराष्ट्र भाषेचा कोश' प्रसिद्ध झाला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांचे सहकारी पंडित ह्यांनी तो तयार केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३१ मध्ये, जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, आणि आज आपण सर्वजण त्याला 'मोल्सवर्थ' म्हणतो. मोल्सवर्थ यांच्या निष्ठेबद्दल आणि श्रमांबद्दल आम्हांला तिळमात्र शंका नाही. पण तो कोशही एकट्याने रचलेला नव्हता. शब्द गोळा करणारे, त्यांचे अर्थ सांगणारे, ही वाणी कोणत्या प्रांतातली आणि कोणत्या जातीतली हे ओळखणारे शास्त्री त्यामागे होते. त्यांच्यातले किती जण आज आपल्याला नावाने ठाऊक आहेत?

आम्हांला असे वाटते की गोदी आणि कोश ह्यांची घडण एकसारखी आहे. रेखाटन परके, सामग्री इथली, हात इथले, नाव पुन्हा परके. अर्वाचीन मराठी गद्य ह्याच पद्धतीने उभे राहिले. १८२० च्या दशकातली मुंबईची शाळाखात्याची पुस्तके, ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेले 'दर्पण', व्याकरणे, भाषांतरे. हा सारा पसारा त्याच शहरात, त्याच गोदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर मांडला गेला. जांभेकरांच्या पिढीने केलेले महत्त्वाचे काम कोणते, तर पठाणातला खिळा वर आणून निशाणाजवळ ठोकला. 'दर्पण' दोन भाषांत निघाले, पण संपादकाचे नाव देशी होते. रेषा ओढायचीच असेल, तर ती राज्य गेल्याच्या तारखेवर ओढावी की करणाऱ्याने आपले नाव लिहिल्याच्या तारखेवर, हा विचार आपल्या अभ्यासमंडळांनी कधीतरी करायला हवा.

येथे एक आक्षेप संभवतो. कोश आणि जहाज ह्यांची तुलना ओढूनताणून केलेली आहे, एक विचाराचे साधन आणि दुसरे संहाराचे, असे कोणी म्हणेल. पण त्या काळी ही दोन साधने एकाच सत्तेच्या दोन हातांत होती. ज्या प्रदेशावर राज्य करायचे त्याची भाषा जाणणे आणि ज्या समुद्रावरून तेथे पोचायचे तो ताब्यात ठेवणे, ह्या एकाच कामाच्या दोन बाजू. कोशाने पुढे आपल्याला जे दिले ते त्याच्या कर्त्यांच्या हेतूपलीकडचे होते, हे मान्य. जहाजाविषयीही तेच म्हणता येईल.

७

आमच्या हिंगोलीचा ह्या सगळ्याशी संबंध नाही असे आम्हीही सुरुवातीला समजत होतो. मग तारखा जुळवू लागलो.

मुंबईहून इंग्लंडला निघालेली 'त्रिंकोमाली' २४ जानेवारी १८१९ रोजी सेंट हेलेना बेटावर पोचली. नेपोलियन तेव्हा त्याच बेटावर कैदेत होता. सहा दिवसांनी जहाज निघाले तेव्हा त्याला तपासणारा एक डॉक्टर, जॉन स्टोको, ह्याच जहाजातून परत गेला. त्याच जानेवारी महिन्यात आमच्या शेजारच्या हदगाव-उमरखेडच्या पट्ट्यात हटकरांचा नोवसाजी नाईक आपली गढी लढवीत होता. निजामाच्या नावाने उभारलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या फौजेने त्याच्या नोव्हाच्या किल्ल्याला वेढा घातला होता. महिनाअखेरीस किल्ला पडला, आणि 'नोव्हा' हे नाव त्या पलटणींच्या निशाणांवर बहुमान म्हणून चढले. त्या फौजेचे पुढे हैदराबाद कंटिंजंट झाले, आणि तिची एक छावणी हिंगोलीत १९०३ पर्यंत होती. गावात अजूनही जुन्या माणसांच्या तोंडी 'छावणी' हा शब्द येतो.

युरोपचा सम्राट सेंट हेलेनावर, हटकरांचा नाईक नोव्हाच्या तटावर, आणि मुंबईचे सागवान अटलांटिकच्या पाण्यावर. समुद्र आम्हांला दिसत नव्हता. पण समुद्रावर जी सत्ता चालत होती तिचा मुक्काम आमच्या गावाबाहेर पडलेला होता. नोवसाजीचे नाव आज आमच्या भागात थोडेफार घेतले जाते, पाठ्यपुस्तकात नाही. जमशेटजींचेही नाही. एक जण सत्तेशी लढला, दुसऱ्याने सत्तेसाठी बांधले. विसरण्याच्या बाबतीत आपण दोघांनाही सारखाच न्याय दिला.

८

ह्या कथेचा उत्तरार्ध मुंबईतच घडला. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी माझगाव गोदीत तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते 'नीलगिरी' ह्या युद्धनौकेचे जलावतरण झाले. स्वतंत्र भारतात बांधलेली ही पहिली मोठी युद्धनौका. ३ जून १९७२ रोजी ती नौदलात दाखल झाली. रेखाटन ह्याही वेळी इंग्रजांच्या 'लिअँडर' वर्गाचेच होते. पण बांधणाऱ्याचे आणि मालकाचे निशाण आता एक होते. 'त्रिंकोमाली' आणि 'नीलगिरी' ह्यांच्या जलावतरणांत एकशेएक्कावन्न वर्षांचे अंतर. दोन्ही मुंबईच्या पाण्यावर, दोन्ही ऑक्टोबरात. जुनी 'नीलगिरी' १९९६ मध्ये निवृत्त झाली. त्याच नावाची, भारतीय रेखाटनाची नवी युद्धनौका माझगाव गोदीनेच बांधली आणि १५ जानेवारी २०२५ रोजी ती मुंबईत नौदलात सामील झाली. जे १८१७ मध्ये तुटलेले होते, म्हणजे रेखाटन, हात, नाव आणि उपयोग, ते एकत्र यायला दोन शतकांहून अधिक काळ लागला.

ह्याचा आनंद मानताना एक गोष्ट विसरू नये. जलावतरणाच्या बातमीत आजही कोणाच्या हस्ते समारंभ झाला ते ठळक छापून येते. वितळजोड करणाऱ्याचे, तारा ओढणाऱ्याचे, रंग देणाऱ्याचे नाव येत नाही. मालक बदलला म्हणून खिळा आपोआप वर येत नाही.

आणि 'त्रिंकोमाली'? ती अजून आहे. १८९७ मध्ये ती मोडीत निघायची, पण एका इंग्रज गृहस्थाने विकत घेऊन तिचे 'फुद्रोआयाँ' असे नामांतर केले आणि मुलांना नाविकविद्या शिकवण्यासाठी ती वापरात राहिली. १९८७ मध्ये तिला हार्टलपूल येथे नेले, जीर्णोद्धार झाला आणि १९९२ मध्ये तिचे मूळ नाव तिला परत मिळाले. इंग्लंडमध्ये आजही पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून लोक ती पाहायला जातात. तिच्याहून जुनी 'व्हिक्टरी' कोरड्या गोदीत बसलेली आहे. मुंबईत जोडलेला बराचसा साग तिच्या अंगात अजून शाबूत आहे.

त्या विद्यार्थिनीला आम्ही शेवटी काय उत्तर दिले, ते सांगून थांबतो. आम्ही तिला म्हटले, की १८१८ ही भिंत नव्हे. ते गोदीचे दार आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळे काळ असतात. दाराचे तसे नसते. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी सारखी झाल्याशिवाय ते उघडतच नाही. पाणी आधी बराच काळ आत येत असते, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मग एका दिवशी जहाज बाहेर पडते, तेव्हा सगळ्यांना वाटते की आजच काही नवे घडले. ती म्हणाली, "म्हणजे परीक्षेत १८१८ च लिहायचे ना?" आम्ही म्हटले, लिहायचे. पण उत्तराच्या खाली, कोणी विचारले नसले तरी, त्या वर्षी काम करणाऱ्या एका तरी माणसाचे नाव लिहीत जा.